भट्टीवाल्यांचा खण

शहापूरच्या बाजारपेठेत, एसटी स्टँडकडून येताना डाव्या हाताला, एका गाळ्यात दोन धंदे आहेत. पुढे अमितचं झेरॉक्स मशीन. मागे कुंडलिकचं टेबल. मध्ये प्लायवूडचा अर्धा पडदा. वर एकच पंखा, तो दोघांनाही पुरत नाही.

कुंडलिक मोबाईल दुरुस्त करतो. असे दुरुस्तीवाले शहापुरात पुष्कळ आहेत. पण दिवाळी झाली की डोळखांबकडच्या वाड्यांवरची माणसं याच्याचकडे येतात. वीटभट्टीवर न्यायला ट्रक आलेला असतो. पाठीवर बोचकं, कडेवर पोर आणि हातात फुटका फोन. तेव्हा दुरुस्तीला हातात पैसा नसतो, आणि भट्टीच्या धुळीत फोन टिकतही नाही. मग ते फोन कुंडलिककडे ठेवतात आणि जातात. पावसाच्या तोंडावर परत आले की दुरुस्त करून नेतात. कुंडलिक फोनच्या पाठीला पांढरी चिकटपट्टी लावतो. तिच्यावर नाव, वाडी, आणि लॉकची नऊ टिंबं काढून त्यांतून जाणारी रेघ. मग फोन टेबलाच्या खालच्या खणात. खणाला कुलूप नाही.

त्या खणावर त्याचं दुकान उभं आहे. वाडीवरची माणसं सहसा कोणावर विसंबत नाहीत. विसंबून त्यांनी पुष्कळ गमावलेलं आहे. कुंडलिकवर विसंबतात, कारण तो त्यांच्यातला. कातकरी वाडीवर जन्मला, भट्टीवर चालायला शिकला, आश्रमशाळेत दहावी झाला आणि कल्याणला एका दुकानात फोन उघडायला शिकून परत आला. उद्या वाडीवर कोणी म्हटलं, कुंडलिक फोनात हात घालतो, तर पुढच्या दिवाळीला तो खण रिकामा राहील. मग टेबल आवरायचं आणि पुन्हा कल्याणला कोणाच्या तरी हाताखाली बसायचं. हे कुंडलिकला माहीत होतं. अमितलाही माहीत होतं.

म्हणून माघात अमितला तो खण खटकायला लागला. दुरुस्तीचे पैसे पावसाळ्यात यायचे आणि हा माघातच फोन बाहेर काढत होता.

अमित आसनगावचा. मराठी साहित्य घेऊन बी. ए. झाला, आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून झेरॉक्स मशीन टाकलं. नोकरी लागली नाही, मशीन जुनं झालं. कुंडलिक त्याच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. अमित त्याला दादा म्हणतो. दोघं एकाच डब्यातली भाजी खातात. एवढं असून कुंडलिकच्या मनात काय चाललंय ते त्याला कधी नीट कळलेलं नाही. कुंडलिक बोलतो कमी.

सगळं सुरू झालं ते एका खेळापासून.

नवा डिस्प्ले बसवला की बोट सगळीकडे लागतं का ते बघावं लागतं. बाकीचे दुरुस्तीवाले स्क्रीनवर आडव्याउभ्या रेघा ओढतात. कुंडलिक 'मडबोट' नावाचा एक खेळ लावायचा. गढूळ नदीतून एक होडी न्यायची. ती बोटानं ओढायची, या काठावरून त्या काठाला. होडीत कधी बकऱ्या, कधी पोती, कधी एक म्हातारी. होडी जिथे अडली तिथे स्क्रीन मेलेली. खेळ फुकट होता आणि मध्येच जाहिरात येत नव्हती. एवढ्यासाठी त्यानं तो धरला होता.

पण स्वस्तातल्या जुन्या फोनवर खेळ बिघडायचा. नदी काळी पडायची. होडी दिसायची, पाणी दिसायचं नाही.

खेळाच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत चार ओळी होत्या. कुंडलिकनं त्या अमितला वाचायला लावल्या. हा खेळ कुठल्या कंपनीचा नाही, असं तिथे लिहिलं होतं. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून, आपखुशीनं तो बनवतात. त्याचा कोड, म्हणजे ज्या लिखाणावर खेळ चालतो ते सगळं लिखाण, उघड्यावर ठेवलेलं आहे. कोणीही वाचावं. कोणीही सुधारावं. कुठे बिघडलं तर कळवावं.

"कळवू या?" कुंडलिक म्हणाला.

"कोणाला?"

"हे जे कोण आहेत त्यांना."

"दादा, ते आपलं कशाला ऐकतील?"

"नाय ऐकलं तर नाय. आपल्या बापाचं काय जातंय?"

अमितनं इंग्रजीत लिहून दिलं. त्याला वाटलं, विषय संपला.

उत्तर आलं. पेक्का नावाचा कोणी होता, फिनलंडमधला. शाळेत गणित शिकवतो आणि उरल्या वेळात हा खेळ सांभाळतो, असं त्यानं लिहिलं होतं. आधी आभार मानले होते. मग विचारलं होतं, फोन कुठला, मेमरी किती, काळ्या नदीचा फोटो मिळेल का. आमच्यापैकी कोणाकडेच असे फोन नाहीत, तुमच्याकडे आणखी आहेत का?

कुंडलिककडे असलेच फोन होते. दुसरे नव्हतेच.

त्यानं भंगारातले दोन-तीन फोन जुळवून चालू केले आणि फोटो पाठवले. पुढचा खेळ आला, तोही तपासला. कुठे होडी उलटी दिसते, कुठे फोन तापतो, कुठे आवाज तुटतो. इंग्रजी आधी अमितकडून, मग फोनवरच्या भाषांतरातून, मग स्वतःच, जसं येईल तसं. काही महिन्यांत तो नुसतं कळवून थांबेना. नदीच्या पाण्याची चित्रं छोट्या फोनला पेलत नाहीत, हे त्याला दिसलं होतं. कोडात ते कुठे लिहिलंय हे पेक्कानं दाखवलं. कुंडलिकनं तिथे बदल करून पाठवला. तो परत आला. चूक कुठे आहे ते शेजारी लिहिलेलं होतं. त्यानं पुन्हा पाठवला. पुन्हा परत.

"भट्टीवर वीट वाकडी आली तर मुकादम आईवरून काढायचा," कुंडलिक हसत म्हणाला. "हा बघ. प्लीज लिहितोय."

शेवटी तो बदल खेळात गेला. नव्या खेळाच्या शेवटी नावांची रांग होती, तिच्यात त्याचं नाव आलं. कुंडलिक हिलम, शहापूर.

"तुझं नाव कशाला घातलं त्यांनी?" अमितनं विचारलं.

"काम केलं म्हणून."

"उद्या त्या खेळात काही भानगड निघाली तर पोलीस आधी कोणाकडे येतील? फिनलंडला जातील?"

कुंडलिक नावाकडे बघत राहिला होता.

"पैसे देतात का पण?"

"नाय."

"पुढे देणार आहेत?"

"नाय रे."

"मग त्यांना तुझ्याकडून पाहिजे काय?"

"पाणी दिसतं का नाय, एवढंच विचारतात."

समोरचा चहावाला रामूकाका हे ऐकत असायचा. एकदा कप गोळा करताना तो अमितजवळ थांबला. "परदेशात बोलतो म्हणे तुझा शेजारी. आणि फुकट? फुकट तर माझी पोरगीपण पाणी देत नाय मला. नीट लक्ष ठेव, बाबा. गाळा तुझ्यापण नावावर आहे."

अमितनं ते हसण्यावारी नेलं. पण मनात राहिलं. त्याच महिन्यात बाजारातल्या एका बांगडीवाल्याच्या फोनवर कोणीतरी लिंक पाठवून त्याचं खातं धुऊन नेलं होतं. सगळा बाजार ज्याच्या त्याच्या फोनकडे संशयानं बघत होता. आणि कुंडलिककडे तर वाड्यांवरच्या कितीतरी माणसांच्या फोनच्या किल्ल्या चिकटपट्टीवर लिहिलेल्या होत्या.

मग माघात ते झालं.

दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. अमितला पडद्यामागे खण सरकल्याचा आवाज आला. मग फोन सुरू होतानाचं ते छोटं संगीत. आणि मग टुंग, टुंग, टुंग. एकामागून एक मेसेज येत होते. कितीतरी दिवस बंद असलेल्या फोनवर येतात तसे.

तो पडद्याच्या कडेनं वाकला. कुंडलिकच्या हातात तडा गेलेला एक फोन होता. स्क्रीनची वरची पट्टी काळी पडलेली, खाली मडबोटची नदी. अमितला बघताच कुंडलिकनं फोन उलटा केला, आणि पाठीवरच्या चिकटपट्टीवर अंगठा ठेवला.

"कोणाचा?"

"आहे एकाचा."

"भट्टीवाल्याचा?"

"पेक्काला याच चिपवर बघायचं होतं. दुसरा असला फोन नाय आपल्याकडं."

"आणि ज्याचा आहे त्याला विचारलंस?"

"तो आला की सांगीन."

फोन पुन्हा खणात गेला. अमित आपल्या मशीनपाशी आला. कोणाचं तरी आधार कार्ड झेरॉक्स करताना त्याच्या डोक्यात एकच येत होतं. लपवण्यासारखं काही नसतं तर अंगठा कशाला ठेवला?

दोन दिवसांनी भिमी आली.

अमित तिला ओळखत नव्हता. पंचविशीची बाई. छातीशी बांधलेल्या फडक्यात दोन-तीन महिन्यांचं पोर, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात जुना फोन घट्ट धरलेला. ती झेरॉक्सच्या पुढून सरळ आत गेली, आणि पडद्यापाशी थांबून तिनं अमितकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"भावजी, हा कोण?"

"अमित. आपलाच हाय."

"आपला?" ती म्हणाली. तिचा काही विश्वास बसला नाही. ती कुंडलिकच्या अगदी जवळ सरकली आणि हळू आवाजात बोलायला लागली. गाळा एवढासा होता, अमितला सगळं ऐकू येत होतं.

तिचा नवरा, बुधू, दिवाळीनंतर भट्टीवर गेला होता. एकटा. तिचे दिवस भरत आले होते म्हणून ती वाडीवरच राहिली. संक्रांतीनंतर त्याचं आणि मुकादमाचं भांडण झालं आणि तो भट्टीवरून निघून गेला. कुठे गेला कोणाला माहीत नाही. भट्टीवर जाण्याआधी घेतलेली उचल फिटली नव्हती म्हणून मुकादम दोनदा वाडीवर येऊन गेला, दारात उभा राहून पोराकडे बघून गेला. बुधूचा फोन तो गेल्यापासून बंद, भट्टीवर चार्जिंग नसेल असं तिला वाटायचं. ती रोज त्या फोनवर व्हॉट्सॲपला आवाज भरून पाठवत होती. लिहिता येत नाही, बोलता येतं. रोज एकच टिक.

"परवा दोन आल्या," भिमी म्हणाली. तिनं फोन पुढे केला. "हे बघ. सगळ्यांना दोन-दोन. फोन चालू केला त्यानं. म्हणजे आहे. जिथं आहे तिथं आहे, पण आहे." तिचा आवाज चढला, मग तिनं तो परत खाली आणला. "मी कोणाला बोलले नाय. मुकादमाच्या कानावर जाईल. तुला फोनातलं कळतं. तो कुठून चालू झाला, एवढं बघून सांग."

कुंडलिक तिच्या फोनकडे बघत बसला. मग त्याची नजर खालच्या खणाकडे गेलेली अमितला पडद्याआडूनही दिसली. आणि अमितला सगळं उमगलं. तडा गेलेला फोन. टुंग, टुंग. अंगठा.

"दादा, जरा इकडे ये," तो म्हणाला. कुंडलिक उठून आला.

"बुधूचाच ना तो?"

कुंडलिकनं मान हलवली.

"काही बोलू नकोस. मी सांगतो तिला, कंपनीच्या टॉवरची गडबड असते, कधी कधी अशा टिका येतात. ती जाईल. फोन बंद करून ठेव. वाडीवर कळलं ना, तर संपलं तुझं."

"तिला वाटतंय तो परत येतोय."

"म्हणून तर सांगतोय. आत्ता खरं सांगितलंस तर तुझं दुकान जाईल आणि तिची आशापण जाईल."

कुंडलिक माठातलं पाणी घेऊन आत गेला. भिमीला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. ती पिऊन होईपर्यंत थांबला. मग खाली वाकून खण ओढला आणि फोन तिच्यापुढे ठेवला.

अमित थक्क झाला. तो खोटं बोलेल याची त्याला खात्री होती. निदान थोडं तरी.

भिमीनं फोन उचलला. उलटा केला. चिकटपट्टीवरचं वाचता येत नसलं तरी फोन तिच्या ओळखीचा होता.

"आला होता तो," ती म्हणाली. "कधी? काल?"

"नाय. ट्रकच्या दिवशीच ठेवून गेला. डिस्प्ले गेला होता म्हणून."

"खोटं. टिका परवा आल्या."

"त्या माझ्यामुळं आल्या. मी चालू केला."

"कशाला?"

कुंडलिकनं सांगायचा प्रयत्न केला. त्याला बोलता येत नाही ते असल्या वेळी फार दिसतं. "एक खेळ आहे. तो या फोनवर चालतो का ते बघायचं होतं."

"माझ्या माणसाच्या फोनवर तू खेळत होतास?"

"खेळत नव्हतो. तपासत होतो."

"काय तपासत होतास?"

"नदीचं पाणी दिसतं का ते."

भिमीनं अमितकडे बघितलं. हा माणूस शुद्धीवर आहे का, असं ते बघणं होतं. अमितनं नजर खाली वळवली.

"कोणी सांगितलं तपासायला?"

"एक मास्तर आहे. परदेशातला."

"तो पैसे देतो?"

"नाय."

"मग खोटं," भिमी म्हणाली. ती उठून उभी राहिली. पोर कुरकुरलं, तिनं त्याच्या पाठीवर थोपटलं, पण डोळे कुंडलिकवरून काढले नाहीत. "फुकट कोण राबतं? मला येडी समजतोस? तुला मुकादमानं सांगितलं. फोन चालू कर, बायको काय बोलते बघ, कोणाचा फोन येतो बघ. आमच्याच वाडीतला माणूस पकडून दिलास तू. किती दिले तुला त्यानं?"

"भिमी, तसं नाय गो."

"मग उघड फोन. उघड माझ्यासमोर. काय काय ऐकलंस दाव."

"मी नाय उघडणार."

"का?"

"मी कोणाचं आतलं बघत नाय."

"खेळ घालताना कसा उघडलास?"

"खेळापुरता."

"लपवतोस."

अमितलाही तेच वाटलं. खरं काही असेल तर एवढं उघडून दाखवायला काय हरकत? त्याच्या मनात आलं, आपण या माणसाच्या डब्यातली भाजी दोन वर्षं खातोय आणि हा कोण आहे हे आपल्याला माहीत नाही. रामूकाका कप घ्यायला आला होता, तो कप न घेता दारातच उभा राहिला.

कुंडलिकनं फोन चालू केला, स्क्रीन भिमीकडे वळवली आणि पाठीवरची पट्टी तिला दाखवली. "ही रेघ आहे ना, तशीच बोटानं काढ. तुझ्या नवऱ्याचा फोन आहे, तू उघड. मी इकडं उभा राहतो." आणि तो खरंच टेबल सोडून भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

भिमीनं बोट फिरवलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा फोन उघडला. वरची पट्टी काळी होती. आलेल्या मेसेजची खबर त्या पट्टीतच येते, म्हणून खेळ तपासताना कुंडलिकला ती दिसली नसती. तिनं हिरवं चित्र ओळखून दाबलं. आत पहिला फोटो तिचाच होता. सगळे मेसेज तिनंच बोललेले, न ऐकलेले. त्याच्याखाली दुसरी एक ओळ होती. फोटो नाही, नाव नाही, नुसता नंबर.

"हा कोणाचा?"

"मला काय म्हाईत," कुंडलिक भिंतीपासून म्हणाला.

तिनं दाबलं. आधी वाऱ्याचा आवाज आला, मग ट्रॅक्टरचा. मग एका माणसाचा, घाईघाईनं बोलणारा.

"कुंडल्या, मी बुधू. फोन रिपेर करायला काढशील तेव्हा ऐक. मी घाट चढून वर आलोय, आळेफाट्याकडं, कांद्याच्या कामाला. मुरबाडचा एकजण भेटला त्याच्या संगती. हा नंबर त्याचाच. भिमीचा नंबर पाठ नाय रे. माझाच पाठ आहे, रिचार्जला सांगून सांगून. म्हणून माझ्यावरच पाठवतोय. भिमीला सांग मी आहे. बाळ काय झालं ते विचार. मुकादमाला बोलू नको."

भिमीनं ते पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. अमितला वाटलं ती आता रडेल. पण तिचे डोळे बारीक झाले.

"आवाज त्याचा आहे," ती म्हणाली. "पण कोणी त्याच्याकडून बोलवून घेतलं असेल तर? नंबर मुकादमाचा असेल तर?"

"फोन लाव," रामूकाका दारातून म्हणाला.

"तुमी गप बसा," भिमी म्हणाली. पण तिनं स्वतःच्या फोनवरून लावला. नंबर दाबून कुंडलिकनं दिला, स्पीकर तिनं चालू केला. बऱ्याच वेळानं कोणीतरी उचलला.

"हॅलो?"

भिमी बोलेना.

"कोण आहे?"

"तुमी कोण?" भिमी म्हणाली.

"फोन तू लावलास, तू सांग."

"तुमी आधी सांगा."

"बाई, माझ्या फोनवर मीच कोण हे मी का सांगू?"

"माझा माणूस आहे का तिथं?"

"तुझा माणूस कोण?"

इथे भिमी अडली. नवऱ्याचं नाव तिनं आजवर तोंडातून काढलेलं नव्हतं. कुंडलिक बोलायला पुढे सरकला, तिनं हात वर करून त्याला अडवलं. पुरुषाचा आवाज ऐकला तर हा मुकादमाचा माणूस आहे असं समजून पलीकडचा फोन ठेवेल, हे तिला त्याच्या आधी कळलं होतं.

"तुमच्याबरोबर डोळखांबकडचा एक आहे," ती म्हणाली. "त्याला विचारा, आमची काळी कोंबडी कोणी नेली."

"काय?"

"एवढंच विचारा. दुसरं काय नको."

पलीकडे कोणीतरी हाक मारली. वारा आला. ट्रॅक्टर थांबला. मग लांबून, हसत, ओरडून कोणीतरी बोललं, "मुंगसाचं नाव सांगते ती! तुझ्याच भावानं नेली म्हणावं, आणि रस्सापण केला!"

भिमी तिथेच खाली बसली. दोन्ही हातांनी फोन धरला आणि हसायला लागली. त्या हसण्यात रडणं कधी मिसळलं ते कळलं नाही. "मुलगी झाली," ती फोनमध्ये म्हणाली. "ऐकतोस का? मुलगी. नाकानं तुझ्यावर गेलीय." मग तिला भान आलं की तीन पुरुष ऐकत आहेत. तिनं स्पीकर बंद केला आणि बाहेर, रस्त्याच्या कडेला, बाकीचं बोलायला गेली.

कुंडलिक पुन्हा भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. रामूकाका कप घेऊन निघून गेला. आज संध्याकाळपर्यंत बाजाराला आणि उद्या वाडीला कळणार होतं. काय कळणार, ते बाहेर उभ्या असलेल्या बाईवर होतं.

ती बऱ्याच वेळानं आत आली. डोळे पुसलेले.

"विचारायचं होतंस, भावजी."

"हो."

"त्याला विचारायचं होतंस. नाय तर मला."

"हो. चुकलं."

"काढ तो खेळ."

कुंडलिकनं फोन घेतला. स्क्रीन तिला दिसेल असा धरला आणि खेळ काढून टाकला. पेक्कानं सांगितलेलं त्या चिपवरचं अर्धंच काम झालं होतं, हे अमितला माहीत होतं. कुंडलिकनं ते तोंडातूनही काढलं नाही.

"आता वरचं काळं पडलंय ते नीट कर. आणि तो मेसेज राहू दे. त्याला हात लावू नको." तिनं स्टूल ओढलं, कुंडलिकचे दोन्ही हात दिसतील असं ठेवलं, आणि त्यावर बसली. "मी इथंच बसते."

कुंडलिकनं दुसऱ्या एका मेलेल्या फोनचा डिस्प्ले काढून बसवला. भिमी एकेका स्क्रूवर नजर ठेवून होती. मध्येच म्हणाली, "त्या मास्तराला काय मिळतं?"

"मी विचारलं होतं. तो म्हणाला, आवडतं म्हणून करतो."

"आणि तुला?"

कुंडलिकनं पुढचा स्क्रू उचलला. "मलापण."

"हं," भिमी म्हणाली. तिला ते पटलेलं नव्हतं. "वाडीवर हे कोणी मानायचं नाय. मीपण मानत नाय. पण तू मुकादमाचा नाय, एवढं सांगीन." मग खणाकडे हनुवटी करून म्हणाली, "त्यात आणखी कोणाकोणाचे आहेत? वाच."

कुंडलिक एकेक पट्टी वाचत गेला. भिमी बोलत गेली. सावळ्याला मी विचारते, तो हो म्हणेल. गुणाला नको, त्याची बायको अख्खी वाडी गोळा करील. लखमाच्या फोनमध्ये त्याच्या मेलेल्या आईचा फोटो आहे, तो फोन खेळाला लावायचा नाही, विचारायचंसुद्धा नाही. जे विचारायचे ते एका बाजूला, जे नाही ते दुसऱ्या. विचारून होईपर्यंत एकालाही हात लावायचा नाही.

"हात लावणार नाय," कुंडलिक म्हणाला.

ती फोन पदराच्या टोकात बांधून डोळखांबच्या एसटीला गेली. जाताना अमितकडे तिनं पुन्हा एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. पहिल्यापेक्षा थोडं कमी कडक, असं अमितला वाटलं. कदाचित वाटलंच असेल.

दुसऱ्या दिवशी पेक्काचा मेसेज आला. त्या फोनवर पाणी दिसलं का? कुंडलिकनं उत्तर लिहिलं, अमितला न विचारता. इंग्रजी मोडकं होतं. फोन मालकाकडे गेला. बाकीच्यांना विचारतो आहोत. ते भट्टीवर आहेत, वेळ लागेल. तोवर थांबावं लागेल.

अमितला वाटलं, आता तो माणूस घाई करेल. काहीतरी देऊ करेल. आजवर जे लपवलं होतं ते आता बाहेर येईल.

उत्तर संध्याकाळी आलं. बरोबर आहे, विचारून झालं की कळवा, आम्ही थांबतो. अमितनं ते दोनदा वाचलं, मग भाषांतरात घालून तिसऱ्यांदा. त्यात दुसरं काही सापडलं नाही. त्यानं फोन कुंडलिकला परत दिला आणि तो अजूनही, मनातल्या मनात, शोधत राहिला.